कपाळावरचं पांढरं

माझ्या कपाळावर कोड आलं ते नेमकं विभूतीच्या जागी, त्यामुळे बराच काळ ते कुणाला दिसलंच नाही. आम्ही लिंगायत. अंघोळ झाली की तीन बोटांनी कपाळावर भस्म ओढायचं, ही घरची रीत. धाराशिवला मी शिकवतो त्या महाविद्यालयात एका समारंभात प्रमुख पाहुण्यांनी माझ्या कपाळाकडे हात करून, संस्कार अजून जिवंत आहेत, असं सांगितलं. त्या दिवशी घाईत मी काहीच लावलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मलमाची ट्यूब दिली. सकाळ-रात्र पातळ थर आणि सकाळचं कोवळं ऊन. सुरुवातीला चुरचुरेल म्हणाल्या. चुरचुरलं, मग तेही थांबलं. काही महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा डाग होता तसाच.

"मलमानंतर कपाळाला काही लावता?"

"विभूती."

"किती वेळानं?"

"लगेच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे सर, औषध तुमच्या विभूतीला चालू आहे."

शिवाय रोजचं घासणंही डागाला बरं नाही, म्हणाल्या. मी विभूती बंद केली. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं बायकोचं मत पडलं. पुढे डागात बारीक लवेच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटले, तीळ सांडल्यासारखे. रंग असाच परततो म्हणे. डॉक्टर खूश झाल्या. मी आरशात पाहिलं आणि दाढी केली.

अडचण माकणीला, आमच्या गावी होती. तिथं माझे वडील, अप्पा, राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे ते डागालाच विभूती समजत. "सांज झाली तरी तुझी इभूत पुसत न्हाय," असं कौतुकानं म्हणत. मी त्यांना तसंच समजू देई. गावात कोड आणि महारोग यांत फारसा फरक करत नाहीत, आणि माझी मुलगी लग्नाची आहे.

यंदा एका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी अप्पा आमच्याकडे आले. पट्टी सुटली त्या संध्याकाळी त्यांनी काळा चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं.

"जवळ ये. कपाळाला काय झालंय?"

"कोड आहे, अप्पा."

त्यांनी नखानं डागाला चिमटा काढला. "कळतंय का?"

"कळतंय."

पुन्हा, जोरात. "आता?"

"रक्त काढाल, अप्पा."

"कळतंय म्हंजे महारोग न्हाय."

"नाही. आणि कोड कुणाला लागतही नाही. पोरीला होईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टर सून करून घेणार हाय का तिला?"

आतून बायको म्हणाली, "विचारून बघते, अप्पा."

अप्पा हसले नाहीत. रात्री जेवण लवकर उरकून झोपायला गेले. मला वाईट वाटत होतं की नुसती झोप आली होती, हे मला ठरवता आलं नाही.

सकाळी पूजा करून ते विभूतीची वाटी घेऊन बाहेर आले. ते घरात असले की त्यांच्या हातची विभूती लावल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मुलीला लावली, बायकोला लावली. माझ्यापाशी येऊन बोटं बुडवली आणि थांबले.

"औषध लावलं का?"

"आत्ताच."

"मग तुला नको." बोटं त्यांनी स्वतःच्या दंडाला पुसली. "पोरीला बघायला पाव्हणे आले की मला बोलवून घे. कोड हाय म्हणून मी सांगीन, आधीच, चहाच्या पण आधी. तू बोलू नको. तू सांगायला लागलास की माणसाला वाटतं, कुणी तरी मेलंय."

मी बरं म्हटलं आणि गच्चीवर उन्हात जाऊन उभा राहिलो.