बाहेरची कडी

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकोणसाठ. कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत, स्टोअररूमच्या उंबऱ्यावर मी आडवा पडलो होतो. शर्ट पिळून काढावा इतका भिजलेला. जीभ टाळ्याला चिकटलेली. दार उघडलं होतं शाळेच्या सायन्सच्या मॅडमनी. त्यांनी मला ओलांडलं. हो, ओलांडलं. साडी जरा वर धरून. आत गेल्या, जास्वंदीच्या कुंडीपाशी वाकल्या, एक पान दोन बोटांत धरून बघितलं आणि तिथूनच मला विचारलं,

"दिवा का लावलात?"

एवढंच. माणूस मेला की जगला, ते नाही. दिवा का लावलात.

कसं झालं ते सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. तीही मास्तरांनी वर ढकलली म्हणून. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या ज्याच्या त्याने काढाव्यात.

मी कोकणातला. कुवेतला आलो तो राई नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका शेडमध्ये, लोखंडी दारं आणि शटरं बनवायला. उमेदीची सगळी वर्षं तिथे गेली. शेड बंद पडली तेव्हा ओळखीने या शाळेत फर्राश म्हणून लागलो. फर्राश म्हणजे शिपाई, झाडूवाला, हमाल, पडेल ते. पण कुठे दार अडकलं, कुलूप बसलं, की अख्खी शाळा मलाच बोलवायची. काका, बघा ना जरा. मी बघायचो आणि नीट करायचो. माझ्या हातचं दार परत कुरकुरलं असं कोणी म्हणू शकत नाही. त्याचा मला ताठा होता. आजही आहे.

मॅडम पुण्याच्या. यजमान बँकेत. मराठी बोलणारं शाळेत दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे त्या माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायच्या. मुलांना शिकवायला त्या व्हिडिओ बनवायच्या. बी कसं रुजतं, मूळ पाणी कसं ओढतं. वर्गात तो मोठा पडदा मीच लावायचो आणि दारात उभा राहून बघायचो. बोलणं इंग्रजीत. पण बी फुटताना दिसलं की भाषा लागत नाही. एकदा त्यांनी मला मराठीत सांगितलं, "काका, झाड कुणाकडे जेवण मागत नाही. ऊन मिळालं की पान स्वतःचं अन्न स्वतः करतं." मला ते फार आवडलं. खोलीवर जाऊन मी बाबलला सांगितलं. बाबल माझा गाववाला, फरवानियात आम्ही एका खोलीत राहतो. तो म्हणाला, "मगे झाडाक इकामो लागना नाय तर." आम्ही दोघे हसलो.

इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. माझा तेव्हा संपत आला होता. साठीला टेकलेला, बिनशिक्षणाचा माणूस. शाळेने सही दिली तर राहणार, नाही दिली तर विमान. हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनाही.

मे महिन्यात मॅडमनी पानाच्या अन्नाचा व्हिडिओ काढायला घेतला. त्यात एक प्रयोग होता. झाड आधी दोन दिवस गच्च अंधारात ठेवायचं. म्हणजे पानात साठवलेलं सगळं अन्न झाड खाऊन टाकतं, पान रिकामं होतं. मग ते उन्हात आणायचं आणि दाखवायचं की अन्न परत कसं तयार होतं. अंधार मात्र पक्का हवा. मधे एकदा जरी उजेड लागला तर मेहनत वाया.

स्टोअररूमला खिडकी नव्हती. दार लोखंडी, वर वीतभर काच. मॅडम म्हणाल्या, "काका, मुलं उघडतात हो येता-जाता. बाहेरून कडी लावून द्या." मी कडी बसवली. साधी नाही, जाड पट्टीची. दाराच्या फटींना काळी टेप मारली. वरच्या काचेला काळा कागद चिकटवला. मग आत उभा राहून दार लावून घेतलं आणि बघितलं. सुईच्या टोकाएवढा उजेड येत नव्हता. मॅडम म्हणाल्या, "वा काका." मी खूश.

उजेड जिथून येत नाही तिथून वाराही येत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला आत बसायचं नव्हतं ना.

बुधवारी शूटिंग. मुलं घरी गेल्यावर. कॅमेरा घेऊन एक बाहेरचा माणूस आला होता, हिंदी बोलणारा. मॅडमना असं दाखवायचं होतं की दार उघडतं आणि काळोखातून दोन हात झाड घेऊन बाहेर येतात. ते हात माझे. आदल्या दिवशी मी गावी फोन करून नातीला सांगितलं होतं, तुझा आजा व्हिडिओत येणार. ती तिसरीत. तिने विचारलं, "तुमी दिसतलास?" मी म्हटलं, हात दिसतील. ती म्हणाली, "आणि तोंड कित्याक नाय?" मी म्हटलं, अभ्यासाचा व्हिडिओ आहे बाय, त्यात तोंडाचं काम नसतं.

बुधवारी मॅडमनी माझे हात बघितले. उलटे, सुलटे. लोखंड कापून, वेल्डिंगच्या ठिणग्या खाऊन झालेले हात ते. मॅडम कॅमेरावाल्याकडे वळून हसल्या. मग लॅबमधले पांढरे हातमोजे आणून माझ्यापुढे धरले. "हे घाला काका. मुलांना कसंतरी वाटेल."

मी घातले. लहान होते, बोटांत अडकले. तरी घातले.

रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून त्या मजल्याचा एसी बंद केला. वाजू नयेत म्हणून सगळ्यांचे मोबाईल टेबलावर काढून ठेवले. माझाही. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही कुंडीजवळ बसून राहा. मी हाक मारली की उठायचं. बोलायचं नाही, ठोकायचं नाही. आणि काही झालं तरी दिवा लावायचा नाही. काही झालं तरी, हं." मी मान हलवली. कॉरिडॉरचे दिवे घालवून मला आत घेतलं, दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज आला. माझ्याच हाताने तेल दिलेली कडी. किती गुळगुळीत सरकली.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. अंधार आणि मी. कुंडीच्या ओल्या मातीचा वास. बाहेर मॅडमचा गोड आवाज, इंग्रजीत. मग तो दूर गेला. मग परत जवळ आला. घाम सुटला. कुवेतमध्ये मे महिन्यात एसी बंद करून बंद खोलीत बसणं काय असतं, ते इथे राहिलेल्यालाच कळेल. भिंतीला हात लावला तर भिंत तापलेली. मी एकदा दारावर हळूच टकटक केलं. बाहेरून कॅमेरावाला म्हणाला, "चाचा, आवाज मत करो, टेक चल रहा है."

मी हात मागे घेतला.

मग आवाज बंद झाले. सगळेच. मी हाकेची वाट बघत होतो. किती वेळ, सांगता येणार नाही. काळोखात वेळ कळत नाही, फक्त छाती कळते. परत ठोकलं. जोरात ठोकलं. मॅडम, असं ओरडलो. कोणी नाही. ऊन उतरायच्या आत बाहेरचे सीन घ्यायला ते दोघे खाली बागेत गेले होते, हे नंतर समजलं. जाताना मला काढायचं राहिलं. विसरले. छत्री विसरतात तसे.

खांदा लावला. दार हललं नाही. हलणार कसं? चौकट मीच सरळ केली होती. बिजागऱ्या मीच घट्ट केल्या होत्या. आयुष्यभर ज्या पक्क्या कामाचा ताठा मिरवला, ते काम बाहेरून माझ्यावर लागलं होतं.

खाली बसलो. डोकं हलकं व्हायला लागलं. हाताला झाडाचं पान लागलं. गार नव्हतं, मलूल होतं. तेव्हा ते आठवलं, झाड अंधारात आपलाच साठा खातं आणि रिकामं होतं. मला वाटलं, सकाळपर्यंत इथे कोणी येणार नाही. सकाळी दार उघडतील, कुंडी उचलतील, आणि मग माझ्याकडे बघतील.

आणि बटण होतं. दाराच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. इतका वेळ तिथेच होतं. मी त्याला हात लावला नव्हता. का? सांगितलं होतं म्हणून. मरायची वेळ आली तरी मी बाईंचं पान जपत होतो. हे कळलं आणि माझी मलाच शिसारी आली. नातीचा आवाज आला कानात. तोंड कित्याक नाय.

मी हातमोजे काढले. दातांनी ओढून काढले, घामाने चिकटले होते. उघड्या हाताने बटण दाबलं. डोळ्यांत उजेड घुसला. मग स्टुलावर चढून काचेवरचा काळा कागद नखांनी फाडला, जेवढा निघाला तेवढा. उतरताना पडलो. दाराला टेकून तसाच राहिलो.

मॅडम आल्या त्या धावत आल्या. चपलांचा आवाज मी ऐकला. काळोख्या कॉरिडॉरच्या टोकाला काचेत उजेड दिसला म्हणून धावल्या. माझ्यासाठी नाही. दार उघडलं, मी बाहेर कलंडलो, आणि मग तो प्रश्न.

पाणी कॅमेरावाल्याने दिलं. मॅडम म्हणाल्या, "एवढं साधं काम सांगितलं होतं. आता परत दोन दिवस अंधारात ठेवायला लागणार." मी कसंबसं म्हटलं, "बाहेरून कडी होती." तर त्या म्हणाल्या, "कडी तुम्हीच बसवलीत ना, काका? आतून उघडत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"



संध्याकाळी खोलीवर ऑफिसच्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम बहुत नाराज हैं. कल सुबह सॉरी बोल देना. शनिवार को फिर से शूटिंग है, तू ही अंदर बैठेगा. तेरे इकामे का पेपर मेरे टेबल पर है, समझा ना?"

मी समजलो. फोन ठेवला. दुपारची हकीकत मी बाबलला सांगितली होती, फोनही त्याने ऐकला. तो तांदूळ निवडत होता. म्हणाला, "सॉरी म्हणान टाक आणि मोकळो हो. शब्दाक काय पैशे पडतत?"

मी घामट शर्ट काढून दोरीवर टाकला.

"अरे, ह्या वयात गावाक जावन काय करतलंस?"

"बाबल," मी म्हटलं, "परत आत बसलो आणि परत विसरले तर?"

त्याने मान वर केली नाही. तांदळातला खडा काढला आणि बाजूला टाकला. मग म्हणाला, "कडी कोणी बसयल्यान?"

"मी."

"मगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसने शाळेत गेलो. गेट उघडलं, माझी हत्यारांची पिशवी घेतली आणि थेट वर गेलो. कडीचे स्क्रू काढायला बसलो. तीन सुटले. चौथा सुटेना, मी इतका आवळला होता. छिन्नीने त्याचं डोकं उडवलं. कॉरिडॉरभर आवाज घुमला, घुमू दे म्हटलं. पट्टी हातात आली. दाराला चार भोकं राहिली. ती मी बुजवली नाहीत.

मॅनेजर आला तेव्हा त्याच्या टेबलावर, कागदांच्या वर, मी ती कडी ठेवली. मॅडमही तिथेच होत्या, माझ्या सॉरीची वाट बघत. मी मराठीतच बोललो. जिला कळायचं तिला कळेल म्हणून.

"ही मी बसवली होती, मी काढली. त्या खोलीला आता बाहेरून कडी लागणार नाही. मी आत बसणार नाही आणि सॉरी म्हणणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "अहो, मग ते झाड अंधारात ठेवायचं कसं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. पहिल्यांदाच इतकं सरळ बघितलं. त्या खरंच झाडाचंच विचारत होत्या.

मी खाली आलो, झाडू घेतला आणि कॉरिडॉर झाडायला लागलो. माझ्या रोजच्या वेळेला, माझं रोजचं काम. घालवायचं तर त्यांनी मला घालवावं, दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, माझ्या तोंडाकडे बघून. आपल्या पायांनी मी आता कुठल्या अंधारात जाणार नाही.