त्या टायरला हात लावायचा नव्हता

टायर म्हटलं की तुम्हाला वाटणार, आता हा लहानपणी काठीनं टायर कसा पळवला ते सांगणार. नाही. आमच्या टायरला हात लावायलाच बंदी होती.

तो दादाच्या पिकअपचा टायर. बसवून महिनाही झाला नव्हता. घोटीहून नाशिकला टोमॅटो नेताना त्याचं वरचं रबर चपलेच्या तळासारखं सुटलं, पिकअप उलटली आणि दादाच्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला. आम्ही टायर कंपनीविरुद्ध ग्राहक कोर्टात गेलो. टायरच्या एका कडेला चार बोटं रुंद रबराची पट्टी लोंबत होती, आतून एकदम गुळगुळीत. वकील मॅडम म्हणाल्या, "हे रबर खालच्या थराला नीट चिकटलंच नव्हतं. आपली सगळी केस या पट्टीवर आहे. कुणी हात लावायचा नाही."

मग कंपनीचा माणूस टायर बघायला घरी आला. नाकाला रुमाल, आणि प्रत्येक वाक्याआधी खाकरायचा. खाटेवरच्या दादाला विचारतो, "हं-हं, डुलकी वगैरे लागली होती? की थोडी घेतली होती?"

दादानं आयुष्यात सुपारी खाल्ली नाही. आणि हा विचारतोय आईसमोर! दादा खाली मान घालून बसला. तेव्हाच ठरवलं, ह्याला सोडायचा नाही. दादाला भरपाई पाहिजे होती. मला हा माणूस चारचौघांत रडलेला पाहिजे होता.

मला येऊन जाऊन नक्कल येते. हेडमास्तरांची करून छड्या खाल्ल्यात. ह्याची मी पंधरा दिवस गोठ्यात केली. म्हशीनं चारा सोडून वर बघितलं, तेव्हा कळलं, जमली.

टायर तपासायला लॅबला पाठवायचा का, त्याची कोर्टात तारीख होती. टायर गोणपाटात बांधून नेला. दादा कुबड्या टेकत मॅडमसोबत आत गेला, मी बाहेर टायर राखायला. बाकांवर लोकं कंटाळलेली. कुणाचा फ्रीज बिघडलेला, कुणाचा मोबाईल. मी गोणपाट सोडलं, रुमाल नाकाला लावला.

"हं-हं, टायर उत्तम आहे. दोष टोमॅटोचा. टोमॅटो थोडी घेऊन बसले होते का?"

एक आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आणखी कर रे मेल्या!"

तेवढ्यात तो स्वतः जिना चढून आला. ऐकलं त्यानं. कान लाल. मी थांबायला पाहिजे होतं. मी आवाज चढवला. "हं-हं, बघा, किती मजबूत!" आणि पट्टी धरून ओढली.

ती हातात आली.

तो खाकरलासुद्धा नाही. गुपचूप मोबाईल काढला आणि माझा फोटो घेतला, पट्टीसकट.

मॅडम आणि दादा बाहेर आले. मॅडमनी मला जिन्यात नेलं. "आधीचे फोटो आहेत माझ्याकडे. पण आता ते म्हणणार, यांनीच हातानं सोलला. अक्कल गहाण टाकलीस का रे?"

"पण मॅडम, त्याचं तोंड बघायला पायजे होतं."

मग दादा बोलला. "तोंड दिसलं तुला त्याचं. माझा पाय नाय दिसला? माझ्यासाठी केलं म्हणू नको. मला पुन्हा गाडीवर बसायचंय, अन् तू इथं टाळ्या घेतो? दे ती पट्टी इकडं. अन् आता दात काढले ना, तर इथंच कुबडी घालीन पाठीत."