इथल्याच काकू

काउंटरवर दोन बोटांनी टकटक करायची, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, "डोन्ट वरी. आय अ‍ॅम फ्रॉम हिअर ओन्ली." काकूंचा दिवस या वाक्याने सुरू व्हायचा आणि याच वाक्याने संपायचा.

त्यातल्या 'ओन्ली'ला अमेरिकन मुलं आधी हसायची. काकूंना त्याचं काही नसे. 'मी इथलीच आहे' असं त्यांना म्हणायचं असायचं, आणि त्यांचं 'इथे' म्हणजे न्यू जर्सी नव्हे की अमेरिकाही नव्हे. 'इथे' म्हणजे आमचं कॉलेज. मीसुद्धा तुझ्यासारखीच घाबरत या दारातून आत आले, इथेच शिकले आणि आता इथेच काम करते, एवढं सगळं त्या पाच शब्दांत बसवायच्या.

तुम्ही अमेरिकेत राहिला असाल तर असं कम्युनिटी कॉलेज पाहिलं असेल. दोन वर्षांची पदवी देणारं, फारशी ऐट नसलेलं. मोठ्या विद्यापीठात जे जाऊ शकत नाहीत ते इथे येतात. कामावरून सुटून आलेले, मुलंबाळं मोठी झाल्यावर पुन्हा वही उघडणारे, नुकतेच या देशात उतरलेले. मी तिथल्या लायब्ररीत नोकरीला होते. माझ्या टेबलासमोर काचेची भिंत होती आणि काचेपलीकडे विद्यार्थ्यांसाठीचा मदत कक्ष. म्हणजे काकू आणि मी दिवसभर एकमेकींना दिसायचो. ऐकू यायचं नाही, पण कुणाशी काय चाललंय ते त्यांच्या हातवाऱ्यांवरून कळायचं.

त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही ते कॉलेजात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. देशी मुलं 'काकू' म्हणायची, ते ऐकून बाकीच्यांना तेच नाव वाटलं. एका वाढदिवसाला मुलांनी केक आणला, त्यावर गुलाबी क्रीममध्ये लिहिलं होतं, 'मिस काकू'. काकूंनी चाळिशी ओलांडलेली, मुलगी हायस्कुलात. "बाप्पा, लग्न मोडलं की माझं!" म्हणून पदर तोंडाला लावून हसल्या. पदर म्हणजे ओढणी. पण गेस्चर पदराचंच.

काकू मूळच्या अकोल्याच्या. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाल्या, "उद्या तुझ्यासाठी सांबारवडी आणते." मी पुण्याची. सांबारात भिजवलेली वडी डोळ्यांसमोर येऊन मी जरा धास्तावलेच. दुसऱ्या दिवशी डब्यात खमंग कोथिंबीर वडी निघाली. "कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. तुम्हा पुण्याच्या लोकांना कोणी शिकवलं नाही का?" तेव्हापासून आमचं जेवण रोज बरोबर.

त्या नवऱ्याच्या नोकरीमागे न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आल्या. तेव्हाच्या आपल्या कितीतरी बायकांसारखी त्यांची सुरुवातीची वर्षं डिपेंडंट व्हिसावर, अपार्टमेंटच्या खिडकीत गेली. नोकरी करायला परवानगी नाही, गाडी येत नाही, बोलायला इंग्रजी नाही. ग्रीन कार्ड आल्यावर त्यांनी सरळ कॉलेज गाठलं. पहिल्या दिवशी इमारत चुकली आणि त्या मोटार दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसल्या. उठून जायची लाज वाटली म्हणून पूर्ण तास बसल्या. "गिअरबॉक्सची चित्रं काढली मी. मास्तर म्हणाला, व्हेरी गुड." हा किस्सा त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. ऐकणाऱ्याचे खांदे सैल झाले की विचारत, "आता सांग, तुला कुठं जायचंय?"

योग्य वर्ग सापडला, तिथे त्यांना मार्गारेट भेटल्या. इंग्रजी लेखनाच्या प्राध्यापिका. उंच, पांढऱ्या केसांच्या, बोलताना चष्मा हातात धरणाऱ्या. काकूंनी लिहिलेला पहिला निबंध मार्गारेटनी वर्गात वाचून दाखवला. इतकी वर्षं नुसतं घरात बसलेल्या बाईला कुणी इतकं मोठं म्हणावं, हे काकूंना पेलवतच नव्हतं. "त्या दिवशी मी घरी गेले ती रस्त्यावरून नाही, वरूनच," त्या म्हणायच्या. मार्गारेट त्यांना शनिवारी घरी बोलवायच्या, अ‍ॅपल पाय खाऊ घालायच्या, वाक्यं पुन्हा पुन्हा लिहून घ्यायच्या. काकू त्यांच्याविषयी बोलताना 'आमच्या मॅडम' म्हणत. पदवीदानाला काकूंनी काळ्या झग्याखाली पैठणी नेसली होती. मंचावरून खाली आल्यावर मार्गारेटनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाल्या, "आता जाऊ नकोस. इथेच काम कर. हे तुझं घर आहे."

तशा त्या मदत कक्षात आल्या. नोकरी तात्पुरती, दर वर्षी पुढे वाढणारी. काकूंनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. घरात कुणी कायमचं की तात्पुरतं, असं विचारतं का?

त्यांचं काम मी काचेतून पाहिलंय. लुईस नावाचा एक ट्रक ड्रायव्हर होता, चांगला दणकट. खिडकीतून दिसणाऱ्या पार्किंगमध्ये यायचा, गाडीत बसून राहायचा आणि तसाच परत जायचा. असं बरेचदा झालं. एके दिवशी काकू काउंटर सोडून बाहेर निघाल्या. पाऊस भुरभुरत होता. त्या सरळ जाऊन त्याच्या ट्रकचं दार उघडून शेजारी बसल्या. काय बोलल्या कोण जाणे. पुष्कळ वेळाने दोघं दाराकडे येताना दिसले. लुईसच्या हातात काकूंची छत्री होती, आणि तो ती फक्त त्यांच्याच डोक्यावर धरून स्वतः भिजत होता.

जेवताना मी विचारलं, "काय सांगितलंत त्याला?"

"काही नाही गं. त्याला म्हटलं, हा ट्रक चालवायला पहिल्या दिवशी भीती वाटली होती का? हो म्हणाला. मग म्हटलं, चल."

अशी माणसं पहिल्याच दिवशी दारातून परत जातात, हे काकूंनी ओळखलं होतं. त्यातूनच त्यांना एक गोष्ट सुचली. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला इथूनच शिकून गेलेला एक सोबती द्यायचा. पहिल्या दिवशी त्याने दारात उभं राहायचं, वर्गापर्यंत चालत जायचं, बस्स. एकदा मार्गारेट आमच्याबरोबर जेवायला बसल्या होत्या, तेव्हा काकूंनी हे त्यांना सांगितलं. तोपर्यंत मार्गारेट डीन झाल्या होत्या. त्यांनी चष्मा हातात घेतला. "ही तर फार सुंदर कल्पना आहे. मी हे पुढे नेते. आणि सांभाळणार कोण? तूच. दुसरं कोण आहे?"

मी तिथेच बसले होते. हे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले.

पुढची दोन वर्षं काकूंनी ते पदरमोड करून, म्हणजे आपल्या सुट्ट्या घालवून उभं केलं. सुरक्षारक्षक जेरोम, ऑफिसमधली एक मुलगी, बागकाम पाहणारा एक म्हातारा, असे सगळे इथलेच पदवीधर त्यांनी गोळा केले. कॉलेजला ते आवडलं. प्रवेशद्वाराशी मोठ्ठं पोस्टर लागलं, 'आमचे विद्यार्थी, आमचे सहकारी', आणि मधोमध काकू हसताना. काकांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला आणि अकोल्याला पाठवला. मग स्वतंत्र केंद्र करायचं ठरलं. केंद्राला प्रमुख हवा होता. काकूंनी नवी साडी घेऊन ठेवली.

जाहिरात लागली त्यात चार वर्षांची पदवी हवी असं होतं. काकूंजवळ दोन वर्षांची. आमच्याच कॉलेजची.

"चूक झाली असेल," काकू म्हणाल्या आणि मार्गारेटकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा स्वच्छ होता. "मॅडम म्हणाल्या, त्यांच्या हातात काही नाही. वरून ठरवण्यात आलंय. त्यांना स्वतःलाच फार वाईट वाटून राहिलं." दुपारभर उलट मॅडमचीच काळजी करत होत्या.

ते टर्मच्या सुरुवातीच्या सभेत उघडं पडलं. सगळा स्टाफ सभागृहात होता. काकू आणि मी मधल्या रांगेत. नव्या केंद्राची माहिती सांगून झाल्यावर जेरोम उभा राहिला. गणवेशातच होता.

"एक विचारू? आपण मुलांना सांगतो, इथली पदवी घ्या, दारं उघडतील. मग आपलंच दार त्या पदवीने का उघडत नाही?"

कुणीतरी टाळी वाजवली. मंचावर बसलेले एचआरचे गृहस्थ नवीन होते, साधे होते. त्यांना काही लपवायचं असतं हेच माहीत नव्हतं. ते माइकवर म्हणाले, "आमच्या मूळ प्रस्तावात दोन वर्षांचीच पदवी होती. डीननी ती वाढवून मागितली."

मार्गारेटनी माइक घेतला. आवाज नेहमीसारखाच गोड. "आपल्या पदवीचा मला अभिमान आहे. पण ती सुरुवात आहे. एका गंभीर शैक्षणिक केंद्राचं नेतृत्व करायला त्याहून थोडं अधिक लागतं, हे आपण सगळे समजू शकतो."

मी काकूंकडे बघितलं नाही. बघवलं नाही. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो गार पडत गेला, एवढं आठवतं.

सभा संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "चल माझ्यासोबत. रागात माझं इंग्लिश पळून जातं."

पण पळालं नाही. मार्गारेटच्या खोलीत त्या उभ्याच राहिल्या. मार्गारेट खुर्ची दाखवत म्हणाल्या, "मला तुला हे आधीच सांगायचं होतं. पण ते अशा तऱ्हेने ठरवण्यात आलं की..."

"मॅडम," काकू म्हणाल्या, "तुम्हीच शिकवलं होतं. 'ठरवण्यात आलं' असं लिहायचं नाही. कोणी ठरवलं ते लिहायचं."

मार्गारेटनी चष्मा काढून हातात घेतला.

"मी ठरवलं," मार्गारेट म्हणाल्या. "हे बघ, बाहेरून माणसं येणार, देणगीदार येणार. त्यांच्यासमोर बोलावं लागेल. तू काउंटरवर किती छान आहेस! लोक तुझ्यावर प्रेम करतात. तू तिथे सुखी आहेस असं मला वाटलं."

"माझ्या बोलण्याची लाज वाटते?"

"तू माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी होतीस."

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "मी विद्यार्थिनीच राहिले. तुम्ही मला त्याच्या पुढे कधी येऊच दिलं नाही."

आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये एक मुलगी हातात कागद घेऊन भांबावून उभी होती. काकूंनी तिला खोली दाखवली. तिच्याबरोबर गेल्या नाहीत, नुसती दाखवली. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच लागलं.

केंद्रावर बाहेरून एक तरुण गृहस्थ आले. सभ्य होते, त्यांचा यात काही दोष नव्हता. काकूंना सांगण्यात आलं की त्यांना काम समजावून द्या. काकूंनी दिलं, अगदी मनापासून. आणि वसंत टर्म संपली तशी, नोकरी पुढे वाढवायची वेळ आली तेव्हा, "नको" म्हणाल्या. निरोप समारंभ करू दिला नाही. फक्त पोस्टरवरचा आपला फोटो काढा अशी विनंती केली. एचआरवाले म्हणाले, पुढच्या छपाईत बघू. पुढच्या छपाईत फोटो होताच, उलट मोठा केलेला. मदत कक्षात मात्र कितीतरी महिने मुलं येऊन विचारत होती, "व्हेअर इज मिस काकू?" लुईस पास झाल्यावर मिठाईचा डबा घेऊन आला. तो त्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला.

काकूंनी पुढे एका दाताच्या दवाखान्यात काम धरलं. मी अधूनमधून त्यांच्या घरी जायची. कॉलेजचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. एका रविवारी मी धीर करून सांगितलं, "मार्गारेट निवृत्त होतायत. तुमची चौकशी करत होत्या. समारंभाला याल का म्हणून विचारलंय."

सोफ्यावरून त्यांची मुलगी म्हणाली, "मॉम, शी यूज्ड यू. डोन्ट गो."

"तू गप," काकू म्हणाल्या. "तुला काय माहीत?"

"मग जाणार आहात?" मी विचारलं.

"नाही." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "पोरगी म्हणते, त्या बाईचं सगळं खोटं होतं. तसं असतं तर बरं झालं असतं. विसरून गेले असते. पण त्यांनी मला लिहायला शिकवलं गं. तो निबंध त्यांना खरंच आवडला होता. मी पास झाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ते खोटं नव्हतं. आणि तरी त्यांनी हे केलं. हे कुठं ठेवू मी?"

मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांब, मी सोडते." त्यांनी ड्रायव्हिंग शिकून घेतलं होतं आणि फार बेतानं चालवायच्या. त्यांच्या घरापासून माझ्या अपार्टमेंटला जायचा सरळ रस्ता कॉलेजवरून जातो. सिग्नल लागला, हिरवा झाला. काकूंनी इंडिकेटर दिला आणि गाडी उलट्या बाजूला, हायवेकडे वळवली. तिथून केवढा तरी वळसा पडतो, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.