हकिमांनी न दिलेलं उत्तर

घाटनांदूरच्या पेठेत एके काळी माझ्याइतका अदबशीर दुकानदार दुसरा नव्हता, अशी माझी ख्याती होती. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचा जवान दुकानासमोरून गेला की माझा उजवा हात छातीवर जायचा आणि मान खाली झुकायची. तो थांबून आदाब करायचा. दहा पावलांवर जाऊन वळून बघायचा, तर माझा हात पुन्हा छातीवर. बिचारा पुन्हा आदाब करायचा. एकदा असे आमचे पाच सलाम झाले. सहाव्याला तो भर रस्त्यात उभा राहून म्हणाला, "आप्पा, आता जाऊ का मी?"

खरं सांगायचं तर मी त्याला सलाम करतच नव्हतो. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असतं आणि ते जन्मभर अंगावरून उतरवायचं नसतं. मी फक्त ते जागेवर आहे का, ते चाचपत होतो. चाचपलं की असायचं. हात खाली आला की वाटायचं, मघाशी होतं, पण आता आहे का? डबी आहे, पण डबीत आहे का? मग डबी उघडून बघायची, लावायची, आणि लावताना पडलं तर नाही ना म्हणून पुन्हा उघडायची. गिऱ्हाईक गूळ मागून उभं, आणि मी मान खाली घालून गळ्याशी खुडबुडतोय. बाया एकमेकींना म्हणायच्या, "पोरगा लई भाविक हाय." ते ऐकून मला बरंही वाटायचं, कशाला लपवू? चळ भक्तीसारखा दिसत असला की त्यावर कुणी औषध शोधत नाही.

पंचविशीत मी बाप झालो आणि या चळानं बिऱ्हाड बदललं.

बायको बाळंतपणाला परळीला, माहेरी गेली होती. तिसऱ्या महिन्यात मुलीला घेऊन आली. आमच्या अंगणात आड होता, त्याला गुडघ्याएवढा कठडा. दुपारी बायको पाणी शेंदायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "धरा जरा हिला." मी धरली. डोकं माझ्या कोपरात, नाकावर घामाचा एकच थेंब. इतकी नाजूक वस्तू आजवर आपल्या हातात कुणी दिली नव्हती, असं मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ, त्याच माझ्या आवाजात, आणखी एक शब्द आला. टाक.

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. आड हातभर अंतरावर होता.

मी मुलीला खाटेवर ठेवलं आणि दुकानात पळालो. तिथे पोत्यांच्या मागे बसून स्वतःची उलटतपासणी घेतली. हे मी म्हणालो का? मग कोण म्हणालं? ज्याच्या मनात असं येतं तो माणूस कसला? त्या दिवसापासून मी आडापासून दहा हात लांब राहू लागलो. अंघोळीला गावाबाहेरच्या ओढ्यावर जाऊ लागलो. आईला म्हणालो, आडावर फळ्या टाकू या. आई म्हणाली, "अन् पाणी काय आभाळातून शेंदू?" मुलीला तर मी बोटही लावेना. ती माझ्याकडे बघून हसली की मी उठून दुसरीकडे जायचो, आणि तिथे बसून ती पडली तर नाही ना, हे ऐकत राहायचो.

आता गाव म्हणजे गाव. लोकांनी याचा अर्थ एका दिवसात लावला. पोरगी झाली म्हणून आप्पा रुसला. आईनं मला बाजूला घेऊन समजावलं, "आरं, पुढच्या खेपेला होईल की पोरगा." शेजारच्या काकूंनी तर माझ्यासमोरच बायकोची समजूत घातली. माझ्यापुढे दोनच सोंगं होती. एक, मुलगी नको असलेल्या बापाचं. दुसरं, मुलीला आडात टाक म्हणणारं मन घेऊन हिंडणाऱ्या बापाचं. पहिलं सोंग गावाच्या ओळखीचं होतं. मी ते पत्करलं आणि, सांगायला लाज वाटते, बरं वठवलं.

महिनाभर बायकोनं सोसलं. मग एका दुपारी मला वाढता वाढता म्हणाली, "पोरगी नको व्हती तर तसं सांगा. मी भावाला निरोप धाडलाय. नकोशी म्हणून हिला वाढवायची न्हाई मला. आठ दिसांत गाडी येईल." आवाज चढला नाही, वाढणारा हातही थांबला नाही. गाडी गेली की ती परत येणार नव्हती, हे मला तेव्हाच कळलं.

माल आणायला जातो असं सांगून मी मोमिनाबादेला गेलो, तिथल्या म्हाताऱ्या हकिमांकडे. त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली.

"नाडी ठीक हाय. भूक?"

"बरी आहे."

"मग दुखतंय काय?"

मी घसा खाकरला. "माझा एक मित्र आहे, हकीमसाहेब."

"त्याला आणलं न्हाई?"

"त्याला दुकान सोडवत नाही."

"हां," ते म्हणाले. "तर मग त्या मित्राचा दुसरा हात इकडं करा."

नाटक तिथंच संपलं. मी सगळं सांगितलं, लिंगाची डबी, आड, तो शब्द. वाटलं होतं, ऐकून ते हात सोडतील. त्यांनी नुसती मान हलवली, ओळखीच्या माणसाचं नाव निघावं तशी.

"वसवसा," ते म्हणाले. "मनात कुजबुजणारा संशय. आमच्या मशिदीत एक साहेब येतात. नमाजाआधी हातपाय धुतात. धुतलं, पण कोपर कोरडं ऱ्हायलं का? पुन्हा धुतात. ते हौदावर आन् आत नमाज सरून जाते. तुमची डबी, त्यांचं कोपर. चोर एकच हाय. तुमी ज्याला लई जपता, तो तिथंच हात घालतो."

"पण मी खरंच टाकलं तर?"

"टाकणारा माणूस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून हकिमाकडं येत न्हाई, आप्पा."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. जोडा पायात घालेपर्यंत उतरलेला राहिला. मग मी वळलो. "पक्कं ना?" ते म्हणाले, "पक्कं." पायऱ्या उतरलो आणि परत चढलो. "म्हणजे माझ्या बाबतीतही पक्कं?" ते म्हणाले, "तुमच्याच बाबतीत." रस्त्यावर आलो, पुन्हा आत गेलो. या वेळी हकीमसाहेब पान लावत होते. त्यांनी सावकाश चुना फिरवला, सुपारी ठेवली, विडा तोंडात घातला आणि माझ्याकडे बघत चावत बसले. मी पुन्हा विचारलं. ते चावत राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी पिकदाणी जवळ ओढली.

"डबी चाचपता तसं आता मला चाचपताय," ते म्हणाले. "आता उत्तर न्हाई. हेच औषध हाय. तो बोलंल, बोलू द्या. भांडू नका, समजूत घालू नका. जा, पोरीला उचला."

परतीच्या वाटेवर मी त्या शब्दाची चव घेत होतो. वसवसा. आजवर मी त्याला पाप म्हणत होतो, कधी वेड म्हणत होतो. हैदराबादचे डॉक्टर आज त्याला कदाचित आणखी काही म्हणत असतील. पण काळजी कुठे संपते आणि चळ कुठे सुरू होतो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. दाराला कडी लावली का ते एकदा बघणारा शहाणाच. दुसऱ्यांदा बघणाराही. कितव्या वेळेला तो हकिमांचा रोगी होतो? एवढंच कळलंय की उत्तर मिळून माझी भूक कधी भागली नाही, उलट वाढली. तो आवाज पुढे वर्षानुवर्षं येत राहिला, आजही अधूनमधून येतो. मी त्याला बसायला पाट देत नाही, एवढंच.

घरी पोचलो तेव्हा दारात गाडी उभी. मेहुणा मोठ्या मिशांचा, बोलायचं सगळं पाठ करून आलेला. "दाजी, आमची बहीण काय आमाला जड न्हाई," त्यानं सुरुवात केली.

"थांब," मी म्हणालो, "आधी माझं ऐक." आणि अंगणातच, त्याच्यादेखत, बायकोला सगळं सांगितलं. शब्दासकट.

तिनं आडाकडे बघितलं. "म्हणून आडाकडं येत न्हवता?"

"हो."

"आधी कावून सांगितलं न्हाई?"

"तू पोरीला घेऊन पळाली असतीस."

"आन् आता मी दुसरं काय करत व्हते?" ती म्हणाली.

ती आडापाशीच उभी होती. तिनं मुलगी माझ्यापुढे धरली. मी ते दहा हात चाललो. मेहुणा पुढे आला आणि मी आणि आड यांच्या मधोमध उभा राहिला. मला त्याचा राग आला नाही, मीही तेच केलं असतं.

"तू सरक," बायको त्याला म्हणाली. "उभं राहू दे त्यांना."

तो सरकला. मी मुलीला घेतलं. शब्द आला, लगेच, जसा येणार होता तसा. मी उत्तर दिलं नाही. पुन्हा आला. मुलीनं माझ्या मिशीत बोटं घालून ओढली आणि मला चांगलंच दुखलं. शब्द आणखी कितीदा आला कुणास ठाऊक. मी तिथंच उभा होतो आणि ती माझ्या हातात होती.

"मंग बैलं सोडू का?" मेहुण्यानं विचारलं. त्याचं पाठ केलेलं सगळं वाया गेलं होतं.

"सोड. हातपाय धू. जेवायला बस," बायको म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. हात भरून आले, आईनं मागितली, मेहुण्यानं मागितली, मी कुणाला दिली नाही. शेवटी ताट पुढे ठेवत बायकोच म्हणाली, "जेवताना तरी खाली ठेवा तिला."