एका जिन्याला तीन कठडे

काकू गेली त्या दिवशी घरात माणसांची रीघ लागली होती. आणि वर जाऊन खाली येणारं प्रत्येक माणूस शेवटच्या पायरीवर थांबून तेच विचारायचं, की हा कठडा असा काय? वरून निघताना जाड लाकडी दांडा, मधल्या वळणावर भलामोठा लाकडी गोळा आणि तिथून खाली स्टीलचा बारीक पाइप. एका जिन्याला तीन तऱ्हा. अख्ख्या गावाला कठडे करून देणाऱ्यांचं घर, आणि स्वतःच्या घरात हे ठिगळ. विचारणारा डोळे पुसत विचारायचा आणि सांगणारा डोळे पुसत सांगायला लागायचा, पण निम्म्यावर आलं की दोघंही हसायला लागायचे. कारण ती गोष्ट रडत सांगता येतच नाही.

काकूला गल्लीत सगळे मूठकाकू म्हणायचे. मूठ आवळून भांडायची म्हणून नाही. भांडायची तीही भरपूर, पण ते वेगळं. तिच्या खांद्याला कायम एक कापडी पिशवी असायची, आणि त्या पिशवीत मुठीत धरून बघायला कठड्यांचे वीतभर तुकडे. गोल, चपटे, अंड्यासारखे, लाकडाचे, पितळेचे, स्टीलचे. काका ते कापून, घासून द्यायचा आणि काकू ते घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, आधी फोटो दाखवा." काकू म्हणायची, "फोटोला धरून जिना चढणार आहेस का? चल, पायरीवर उभा राहा."

मग ती एक तुकडा भिंतीला दाबून धरायची, आणि माणसाने डोळे मिटून त्याच्यावर हात ठेवून चढायचं, उतरायचं. एक झाला की दुसरा. घरात जेवढी माणसं तेवढ्यांनी. आणि त्यात तिचे दोन नियम होते, ते काही केल्या मोडायचे नाहीत. पायरीवरच्या माणसाला हात लावायचा नाही, कारण कुणी हात धरला की माणूस त्या हाताच्या भरवशावर चालतो, मग कठडा कसा आहे ते त्याला कळतच नाही. आणि दुसरं, जो धरणार तो हो म्हणेपर्यंत काकाने ड्रिल हातात घ्यायचं नाही.

एकदा एका शिंप्याने पितळेचा दांडा ठरवून टाकला होता, बायकोला पितळ आवडतं म्हणून. काकूने दोघांना पायरीवर उभं केलं. बायकोने हात ठेवला आणि लगेच काढला.

"गार लागतं."

"अगं, तूच म्हणालीस ना पितळ?"

"बघायला म्हणाले. धरायला नाही म्हणाले."

शिंपी काकूकडे बघायला लागला. काकू म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस, जन्म तुला तिच्याबरोबर काढायचाय." त्यांच्याकडे लाकडी बसला.

ही सगळी विद्या काकूला शिकवली तिच्या सासूने. काकू लग्न होऊन आली तेव्हा तिला दांडा आणि दांडकं यातला फरक माहीत नव्हता. सासूबाई दुकानाच्या दारात स्टूल टाकून बसायच्या, लाकूड पॉलिश करायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायच्या. हात चालू, तोंड चालू. सून आली तिलाही शेजारी बसवलं. दोघींचं जमायचं असंही नाही, पण एकमेकींशिवाय करमायचंही नाही.

आता दिव्याखाली अंधार म्हणतात तो बघा. खाली दुकान, वर घर, आणि मध्ये जो जिना, त्याला कठडाच नव्हता. भिंतीला कड्या मारून एक दोर ओवलेला होता, तेवढाच. आज बसवू, उद्या बसवू, गिऱ्हाइकाचं काम आधी. असं करत वर्षं गेली. आणि एक दिवस सासूबाई पॉलिश केलेले तुकडे दोन्ही हातांत घेऊन उतरताना घसरल्या. खुब्याचं हाड गेलं.

ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वरच्या खोलीतून गॅलरीपर्यंत त्या चालायलाही लागल्या. पण जिन्याच्या तोंडाशी आल्या की मागे फिरायच्या. डॉक्टरांनी काकूला बाजूला घेऊन सांगितलं की यांना आता जिना चढूउतरू द्या, धरायला काहीतरी पक्कं करा, नाहीतर पाय आखडेल, आणि एकदा आखडला की मग सोन्याचा कठडा बसवलात तरी त्या कायमच्या वरच. काकूच्या जिवाला घोर लागला. खाली दारातलं स्टूल रिकामं, त्याच्यावर काका खिळ्यांचे डबे ठेवायला लागला होता. दुकानाचा आवाजच बसला होता.

काकूने पिशवी काढली आणि सासूबाईंच्या पलंगावर तुकडे मांडले.

"आई, हा बघा."

"जाड आहे."

"हा?"

"हा दांडा आहे की लाटणं?"

"बरं, हा?"

"हा धरला की बसमध्ये उभी असल्यासारखं वाटतं. नको."

आज नको, उद्या नको, परवाही नको. काका वैतागला. म्हणाला, "आई, मी कुठला तरी एक बसवून टाकतो." सासूबाई म्हणाल्या, "बसव. आणि तूच धर." पुढे बोलायची सोय नव्हती, नियम घरचाच होता. काकू नवे नवे तुकडे करून घ्यायची, उशाशी ठेवायची, सासूबाई हातात घेऊन फिरवायच्या आणि परत द्यायच्या. गावभरच्या हातांना पसंत पडेल असं देणारी काकू, घरातल्या एका हातापुढे हरली होती.

त्यातच ते मोठं काम आलं. बाजाराच्या कोपऱ्यावर दोघा भावांची इमारत उभी राहत होती. खाली दुकानं, वर दवाखाना, त्याच्यावर शिकवणीचे वर्ग. एवढं मोठं काम काकूच्या दारात कधी आलं नव्हतं. काकाने ऐकलं तेव्हा तो हातातला रंधा सोडून नुसताच उभा राहिला, आणि मग परत रंधा मारायला लागला तो चुकीच्या बाजूने.

पण भावाभावांत एकमत नव्हतं. थोरल्याला लाकूडच हवं, धाकट्याला स्टीलच हवं. काकू म्हणाली, "भांडू नका, पायरीवर उभे राहा, हातच सांगतील." तर इमारतीला पायऱ्याच नव्हत्या. सगळ्या सळया बाहेर. जिना ओतायला अजून अवकाश, आणि कठड्याचं मात्र आत्ताच ठरवायचं, कारण खांबांसाठी जागा आधी सोडावी लागते. काकू घरी आली, चपला काढता काढता तिची नजर स्वतःच्या जिन्यावर गेली.

"अहो," ती काकाला म्हणाली, "त्यांना इथेच बोलवू. आपला जिना रिकामाच आहे की."

"म्हणजे काखेत कळसा," काका म्हणाला.

काकाने ड्रिल न लावता, नुसते पकडीचे शिकंजे आवळून तात्पुरतं काम केलं. वळणाच्या वर लाकडी दांडा, खाली स्टीलचा पाइप. पण मधे ते दोन काही जुळेनात, एक जाड, एक बारीक, आणि सांध्याला बोट कापेल अशी धार. मग त्याने कुठल्यातरी जुन्या कामातला उरलेला एक मोठा लाकडी गोळा आणून त्या सांध्यावर बसवला. म्हणाला, एका दिवसाचा तर प्रश्न आहे.

भाऊ येणार त्या दिवशी काकूच्या पायाला भिंगरी लागली होती. वर, खाली, वर, खाली. फडकं मारून झालेल्या पायऱ्यांवर परत फडकं. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकाची, आणि तिला पत्ता नाही. वरून सासूबाईंनी विचारलं, "काय गं, एवढी कसली धांदल?"

"काही नाही आई, तुम्ही पडा निवांत," काकू म्हणाली आणि पळाली.

भाऊ आले. काकूने दोघांना डोळे मिटायला लावले. थोरला लाकूड धरून वळणापर्यंत आला आणि पाइपला हात लागताच तोंड वाकडं करून म्हणाला, "हे काय, नळ धरल्यासारखं."

"दादा, तुझे डोळे उघडे आहेत," धाकटा म्हणाला.

"मिटलेत. आणि तू हसू नकोस."

"मग मी हसतोय ते कसं दिसलं तुला?"

"तू आयुष्यभर हसतोयस, त्याला बघायला कशाला लागतं?"

काकू खाली उभी राहून खिदळत होती. काका चहाचे कप घेऊन दाराशी आला. आणि तेवढ्यात वर, जिन्याच्या तोंडाशी, काहीतरी हललं.

सासूबाई उभ्या होत्या. काठी नाही, काही नाही. एक हात चौकटीला.

काकूच्या हातातलं फडकं पडलं. ती दोन दोन पायऱ्या टाकत वर निघाली. वळणाशी पोचली तर वरून आवाज आला.

"तिथेच थांब."

"आई, अहो पडाल—"

"बाजूला हो. गिऱ्हाईक पायरीवर असताना तू हात लावतेस का?"

काकू थांबली. भाऊ खाली उतरून भिंतीला चिकटून उभे राहिले.

"सगळ्या गावाला पायरीवर उभं करतेस," सासूबाई म्हणाल्या, "आणि मला गादीवर बसवून विचारतेस, आई हा कसा, आई तो कसा. गादीवर बसून कुणी जिना उतरतं का गं? वाट बघत होते, आज म्हणशील, उद्या म्हणशील, आई चला पायरीवर. तू आपली उशाशी तुकडे ठेवून जातेस, औषधाच्या बाटल्यांसारखे."

खरंच होतं ते. त्यांना परत त्या पायरीवर उभं करायची तिची हिंमतच झाली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या सासूला तिने पहिल्याच दिवशी उभं केलं असतं. ती मुकाट्याने एक पायरी खाली सरकली, भिंतीला पाठ लावली आणि हात पाठीमागे घेतले.

सासूबाईंनी लाकडी दांड्यावर तळवा ठेवला. बोटं आवळली नाहीत, नुसता तळवा. पहिली पायरी उतरायला त्यांनी इतका वेळ घेतला की धाकट्या भावाने डोळे मिटून घेतले, आणि या वेळी खरंच मिटले. मग दुसरी. तळवा लाकडावरून सरसरत खाली येत होता, इस्त्री फिरवावी तसा. खाली काका दोन्ही हात पसरून, झेल घ्यायला उभं राहावं तसा उभा. काकूने त्याच्याकडे असे डोळे वटारले की त्याने हात खाली टाकले, पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसरा गच्च धरून ठेवला.

वळणावर आल्या. गोळ्यावर दोन्ही तळवे टेकले, सगळं वजन त्याच्यावर टाकलं आणि श्वास घेतला. मान वळवून खाली पाहिलं.

"इथून दुकान दिसतं," त्या म्हणाल्या. "मला माहीतच नव्हतं."

दोर धरून उतरणारं माणूस त्या वळणावर कधी थांबलंच नव्हतं, दिसणार कुठून?

मग पाइप. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली, जाड दांड्यावर मूठ कधी मिटायचीच नाही. बारीक पाइपवर ती पुरती मिटली. खालच्या पायऱ्या उंच आहेत, तिथे नुसता तळवा चालत नाही, धरावंच लागतं. त्यांनी धरलं. काकू एक एक पायरी पाठमोरी उतरत होती, त्यांच्या पायांकडे बघत, हात मागे, ओठ दाताखाली. शेवटची पायरी झाली आणि सासूबाई जमिनीवर आल्या. चालत चालत त्या दाराशी गेल्या.

"माझ्या स्टुलावर खिळे कुणी ठेवलेत?"

काकाने डबे इतक्या घाईने उचलले की अर्धे खिळे जमिनीवर. त्या बसल्या. काकू गिऱ्हाइकाला विचारते त्याच आवाजात म्हणाली, "मग काय ठरलं?"

"आहे तसं."

"आई, वर एक, खाली एक, आणि तो गोळा तर नुसता सांधा झाकायला लावलाय."

"आहे तसं म्हटलं ना. तो काढलास तर मी थांबू कुठे? गिऱ्हाइकाशी वाद घालतेस?"

काकू खाली बसली, तिथेच, सांडलेल्या खिळ्यांत, आणि हसायला लागली. हसता हसता नाक पुसत होती. थोरला म्हणाला, "काकू, तुमच्या पायात चपला दोन तऱ्हांच्या आहेत." सासूबाई म्हणाल्या, "जिन्याला शोभतील अशाच आहेत."

भावांना तसाच कठडा हवा होता. काकूने साफ नाही म्हटलं. "हा आमच्या आईंच्या हाताचा आहे. तुमच्या जिन्यावर कोण चढणार त्यांना घेऊन या." मग त्यांनी दवाखान्यातली नर्स आणली, शिकवणीची पोरं आणली, आणि नुसता गोंधळ झाला. शेवटी स्टील बसलं, चमक घालवलेलं, आणि पोरांसाठी खाली आणखी एक दांडा. थोरला अजून म्हणतो, लाकूडच हवं होतं.

काकाने शिकंजे काढले आणि तिन्ही तुकडे पक्के बसवले. सासूबाई त्यानंतर कितीतरी वर्षं रोज उतरल्या, त्या वळणावर थांबून आधी दुकानात कोण आलंय ते बघायचं, मग तिथूनच पहिला टोमणा. त्या गेल्यावर रंगाऱ्याने विचारलं होतं, आता तरी एकसारखा करून घ्यायचा का. काकूने त्याला पिशवीतला सगळ्यात जाड तुकडा दाखवला, आणि तो काही भिंतीला लावायला नव्हता.

मग काकूच आजारी पडली. शेवटी शेवटी वरून खाली येईना. आणि जायच्या आठवड्यात एका सकाळी उठली, पिशवी खांद्याला अडकवली आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. अख्खं घर धावलं. कुणी हाताला, कुणी दंडाला.

"हात मागे," ती म्हणाली. "गिऱ्हाईक पायरीवर आहे."

सगळे मागे सरले. तिने लाकडावर तळवा ठेवला आणि उतरायला लागली. वळणावर गोळ्यावर दोन्ही हात टेकून थांबली, खाली दुकानात बघितलं. दारात कुणी नवीन बाई उभी होती, मोबाइल पुढे करून काकाला कसलेतरी फोटो दाखवत. काकाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो जिन्याच्या पायथ्याशी उभा होता, वर बघत, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसरा गच्च धरून.

"बाई," काकू वरूनच म्हणाली, "तो मोबाइल ठेवा पर्समध्ये. मी येतेय खाली."