घडीची घोडी

आमच्यात सुतार जमिनीवर बसूनच काम करतो. फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबायची अन् रंधा मारायचा. जन्मभर माझा अंगठा हाच माझा शिकंजा. पण गुडघे गेले. डॉक्टरनं बजावलं, "आता खाली बसणं बंद. जमत नसेल तर धंदा सोडा."

धंदा सोडा म्हणे! मग काय दारात खुर्ची टाकून हर्सूलकडं जाणाऱ्या गाड्या बघत बसू?

बायकोनं माझ्या माघारी तिच्या भावाच्या कानावर घातलं. चितेगावला कारखान्यात आहे तो. त्यानं उभ्यानं काम करायची घडीची घोडी आणून टाकली. खोक्यात लोखंडी पाय, दोन फळ्या, नट-बोल्टांची पुडी. माझं टाळकंच सरकलं. सुताराच्या घरात लोखंडाची घोडी!

"अहो, जोडून तर बघा," बायको म्हणाली.

"तुझ्या भावालाच म्हणावं, जोड."

शेवटी जोडली मीच. पाना फिरवता फिरवता मेहुण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक पाय उलटा बसला, काढून परत बसवला. वरच्या दोन फळ्यांच्या फटीत लाकूड धरायचं अन् दांडा फिरवून आवळायचं, एवढंच काम. पण सवय मेली जाते कुठं? लाकूड वर ठेवलं, रंधा उचलला, अन् उजवा पाय आपोआप घोडीवर चढला. घोडी कलंडली, मी भिंतीवर आदळलो.

बायको हसत सुटली. "सुंभ जळलं तरी पीळ जात नाय!"

तळपायाची आग मस्तकात गेली. "हसती व्हय? थांब, खरं काम कसं असतं ते दावतो." बसलो की जमिनीवर, फळी अंगठ्याखाली धरली. सरसर छिलके निघाले. लई बरं वाटलं.

उठायला गेलो, तर उठवेना. हात टेकले, जोर लावला. नाय म्हणजे नाय.

तिचं हसू थांबलं. ती पुढं आली तसा मी खेकसलो, "हात नको लावू!"

तिनं नाही लावला. घोडी उचलून माझ्यापुढं ठेवली अन् पलीकडून गच्च दाबून धरली. तोंड मात्र दुसरीकडं.

घोडीला धरून मी उठलो. लाकूड फटीत धरलं. दांडा तिलाच आवळायला लावला. अन् दोन्ही पाय जमिनीवर ठेवून रंधा मारला.