तीर्थासमोर मिटलेले तोंड

गंगेचे तीर्थ मी नाकारले. गोदावरीला आम्ही गंगाखेडचे लोक गंगाच म्हणतो. काठावरच्या महादेवाचे तीर्थ घेतल्याशिवाय मी कधी सकाळचा चहाही घेतला नव्हता. असा माणूस तोंडाशी आलेल्या तीर्थापुढे दात आवळतो, तेव्हा घरचे त्याला देवाने टाकलेला समजतात. मलाही तसेच समजले गेले.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून मी मोर्चे आणि जळालेल्या वस्त्यांच्या बातम्या देत असे. त्या धावपळीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग आणि वाचा गेली. परभणीच्या दवाखान्यात जीव वाचला, पण घास उतरेना. नाकातून नळी घातली. डॉक्टरांनी बजावले होते: पाण्यासारखे पातळ काही देऊ नका, ते फुप्फुसात जाईल, बसवून, चमच्याने, घट्टच द्या. तसे गिळता आले तरच नळी निघणार होती.

थोरली बहीण, आक्का, गडू भरून तीर्थ घेऊन आली. माझी बायको म्हणाली, "आक्का, पातळ द्यायचं न्हाई म्हणलेत डॉक्टर."

"तीर्थाला कुठं पथ्य असतंय का?"

मी निजलेला असतानाच तिने माझ्या तोंडात चमचा ओतला. मला ठसका लागला, श्वास कोंडला. पुढे छाती भरून ताप आला. ताप उतरल्यावर आक्का पुन्हा चमचा घेऊन आली. मी दात आवळले.

"गंगेला न्हाई म्हंतूस? देव विसरलास व्हय रे?"

मला सांगायचे होते की माझा देव माझा जीव घ्यायला टपलेला नाही. वाचा नव्हती. दात होते.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिलाही हाच आजार. तिचा मुलगा शाळामास्तर, बौद्ध. म्हातारी जड जिभेने म्हणाली, "बातमीवाल्याचं तोंड बंद झालंय. गावाला जरा इसावा." मला झटक्यानंतर प्रथमच हसू आले. ते पाहून मास्तर आईची आंबील घेऊन माझ्याकडे आला. घट्ट, चमच्यावर ठरणारी.

"काका, मायला डॉक्टरनी असंच शिकवलंय. हनुवटी छातीला लावा, मंग गिळा. घाई न्हाई."

आक्का पुढे झाली. "त्यांच्या घरचं खाणार तू? तीर्थ नको, अन् हे चालतंय?"

तिच्याकडे पाहतच मी तोंड उघडले. मग मान खाली घातली आणि गिळले. आंबील उतरली. ठसका लागला नाही. बायकोने पदर डोळ्यांना लावला. आक्का गडू उचलून बाहेर गेली.

रोजच्या सरावाने पुढे नळी निघाली. बोलणे अजून अडखळते. पाणी आजही मला घट्ट करूनच घ्यावे लागते. घरी आल्यावर मी महादेवाला गेलो आणि तीर्थ दह्यात कालवून मागितले. पुजाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी हटलो नाही. शेवटी त्याने कालवून दिले. चमचा आक्काने धरला.

त्या दिवशी दवाखान्यात आंबील घेऊन मास्तर आला होता की देव, यावर मी वाद घालत नाही. शरण जाणे म्हणजे कुणी म्हणेल तेव्हा तोंड उघडणे, असे मला वाटत नाही. मी मान खाली घालतो ती देवापुढे, आणि प्रत्येक घासाला.